कांद्याला दार उघडा, कापसाला दार लावा

नाशिकचा कांदा पिकवणारा म्हणतो, दार उघडा, माल बाहेर जाऊ द्या. यवतमाळचा कापूस पिकवणारा म्हणतो, दार लावा, बाहेरचा माल आत घेऊ नका. दोघेही एकाच राज्यातले, पुष्कळदा एकाच मोर्च्यात शेजारी शेजारी बसलेले. मग कुणीतरी हुशार माणूस विचारतो, "अहो, तुम्हाला मुक्त व्यापार हवाय की नकोय, ते एकदा ठरवा की!"

टोमणा वरवर बिनतोड आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये मी तो इतक्यांदा ऐकलाय की बोलणाऱ्याचा पुढचा शब्द कोणता येणार तेही पाठ झालंय. (तो शब्द 'अनुदान' असतो.) शिकल्यासवरल्या माणसाने मुक्त व्यापाराच्या बाजूने असावं हे आमच्याकडे गृहीतच असतं. आणि ज्याला ते जरा निर्दय वाटतं, तो महागड्या कॉफीच्या पाकिटावरचं 'फेअरट्रेड'चं निळं-हिरवं चिन्ह बघून समाधान मानतो. व्यापार मुक्त हवा की न्याय्य, असा हा वाद. तो हवेत सुटत नाही. कांद्याचा हिशेब मांडला की निदान कुठे अडलंय ते कळतं.

२०२३ हे एकच वर्ष घ्या. फेब्रुवारीत लाल कांद्याची आवक इतकी झाली की सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. त्या चेकचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आणि पुढे पाठवला. राज्य सरकारने मग क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही जास्तीत जास्त २०० क्विंटलसाठी. भाव का पडला? आवक वाढली म्हणून. बाजाराचा नियमच आहे तो, त्याला कोण काय करणार?

सहा महिन्यांत वारं फिरलं. ऑगस्ट कोरडा गेला, भाव चढायला लागला. १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या दराने परदेशात विकायचाच नाही. ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद. लासलगावला लिलाव थांबले. बंदी उठली ती थेट ४ मे २०२४ ला, आणि तेव्हाही ५५० डॉलरचं किमान मूल्य व ४० टक्के शुल्क शिल्लक होतंच. शुल्काचा शेवटचा २० टक्क्यांचा तुकडा गेला १ एप्रिल २०२५ ला.

डिसेंबर हा लाल कांद्याचा महिना. हा कांदा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. टिकतो तो उन्हाळ कांदा. तो चाळीत ठेवायचा, त्यातला काही सडणार, काहीला कोंब फुटणार, उरलेल्याचं वजन घटणार, हे सगळं सोसून पावसाळ्यानंतरच्या भावाची वाट बघायची. ही जोखीम शेतकरी स्वतःच्या पैशाने घेतो. तो हरला तर बाजाराचा नियम. तो जिंकायला लागला की मात्र कुणीतरी येऊन टेबलच उचलून नेतं.

'रास्त भाव' हा शब्द मराठीत दोन ठिकाणी भेटतो. एक, रेशन दुकानाच्या पाटीवर: सरकारमान्य रास्त भाव धान्य दुकान. तिथे रास्त म्हणजे घेणाऱ्याला परवडेल असा. दुसरा भेटतो शेतकरी आंदोलनाच्या फलकावर, तिथे रास्त म्हणजे विकणाऱ्याचा खर्च निघून चार पैसे उरतील असा. शब्द एकच, पण दोन टोकांना दोघे धरून ओढताहेत. न्याय्य व्यापाराबद्दल कुणी बोलायला लागलं की मी आधी विचारतो: कुणाच्या बाजूने न्याय्य?

आणि घेणाऱ्याची बाजू खोटी नाही. दिवसाला पाच-सहाशे रुपये कमावणाऱ्या घरात कांदा ८० रुपये किलो झाला तर भाजीचं गणित बिघडतं. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला त्याची काळजी वाटणं चूक नाही, उलट ती वाटलीच पाहिजे. प्रश्न त्या स्वस्ताईचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं हा आहे. रेशनच्या दुकानात याचं एक उत्तर दिलेलं आहे. तिथे गहू-तांदूळ सरकार हमीभावाने विकत घेतं आणि स्वस्तात, आता तर मोफत देतं, मधली तूट तिजोरी भरते. तिजोरी म्हणजे तुम्ही आणि मी. त्या व्यवस्थेत गळती आहे, भ्रष्टाचार आहे, सगळं मान्य. पण बिल फाडलेलं दिसतं तरी. कांद्याच्या बाबतीत ती तूट निफाडच्या, चांदवडच्या शेतकऱ्याच्या खिशातून परस्पर काढली जाते, आणि अर्थसंकल्पात तिची एक ओळसुद्धा नसते.

अशा न दिसणाऱ्या बिलांची बेरीज करायचा प्रयत्न झालेला आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने दिल्लीच्या 'इक्रिअर'सोबत २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खतं, वीज, पाणी यांवरची सगळी अनुदानं जमेला धरूनही, २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे निघाला, ढोबळ शेती उत्पन्नाच्या सुमारे १४ टक्के. म्हणजे निर्यातबंदी आणि तत्सम निर्बंधांतून जे काढून घेतलं ते दिलेल्यापेक्षा जास्त. कँटीनमधल्या 'अनुदान' या शब्दाला माझं हे उत्तर असतं. ते फारसं आवडत नाही कुणाला.

उणे अनुदानाची ही गोष्ट शरद जोशी फार आधीपासून सांगत होते. बर्नमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला आणि १९७८ च्या सुमारास त्याने पहिलं आंदोलन उभं केलं तेही कांद्याचंच. नव्वदीच्या सुरुवातीला डंकेल प्रस्तावाच्या विरोधात डावे-उजवे एकवटले होते, तेव्हा शेतकऱ्यांचा हा नेता खुल्या व्यापाराच्या बाजूने उभा राहिला. शेतकऱ्याला दया नको, त्याच्या वाटेत उभे राहू नका, एवढंच मागणं. मुक्त आणि न्याय्य हे दोन शब्द जोशींच्या मांडणीत एकमेकांच्या विरोधात नव्हतेच. विकणाऱ्याला पाहिजे तिथे विकायचं स्वातंत्र्य, हाच त्यांच्या लेखी न्याय.

आता माझ्या धंद्याकडे बघू, कारण मीही निर्यातदारच आहे. मी लिहिलेला कोड रोज संध्याकाळी देशाबाहेर जातो. त्याला ना बंदर लागतं ना कंटेनर. इलेक्ट्रॉनिक मार्गाने होणाऱ्या देवाणघेवाणीवर सीमाशुल्क लावायचं नाही, असं जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी १९९८ साली ठरवलं आणि पुढे त्याची मुदत वाढत गेली. मुंबई-पुण्यातल्या छोट्या उद्योगांना चांगला प्रोग्रामर परवडत नाही, कारण डॉलरमध्ये बिल लावणाऱ्या कंपन्यांनी आमचे पगार चढवून ठेवलेत. समजा उद्या सरकार म्हणालं, देशांतर्गत ग्राहकाच्या हितासाठी ८ डिसेंबरपासून सॉफ्टवेअर सेवांची निर्यात बंद, प्रोग्रामरचे भाव उतरेपर्यंत. वाचतानाच हसू येतं ना? मला ते हसू जरा तपासून बघावंसं वाटतं. माझ्या श्रमाच्या बाबतीत जी गोष्ट विनोद ठरते, ती कांदा पिकवणाऱ्याच्या बाबतीत राजपत्रातली अधिसूचना कशी होते? कोड नाशवंत नाही हे उत्तर पुरेसं नाही. नाशवंत मालाचं दार लावणं तर उलट जास्त क्रूर आहे. प्रोग्रामरचा भाव वाढला म्हणून कुणी भाजी टाळत नाही, हे उत्तर जास्त खरं आहे. पण त्यातूनही एवढंच निघतं की गरिबाला कांदा स्वस्त मिळाला पाहिजे. तो दुसऱ्या गरिबाच्या पैशाने मिळाला पाहिजे, असं निघत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर 'अन्याय' हा शब्द दोन दिवसांत जितक्यांदा आला तितका आधीच्या पाच वर्षांत आला नसेल. एका रात्रीत नियम बदलतात म्हणजे काय, आधी सांगायला काय झालं होतं, अशी सगळ्यांची तक्रार. तक्रार योग्यच होती. लासलगावला ती जुनी आहे.

ढाक्यालाही जुनी आहे. २०१९ च्या सप्टेंबरअखेर भारताने अचानक कांदा निर्यात थांबवली. त्याच आठवड्यात शेख हसीना दिल्लीत होत्या. आपल्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय, असं त्या भर सभेत हसत म्हणाल्या, आणि आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून घेतला असता, हेही म्हणाल्या. नोव्हेंबरात बांगलादेशात कांदा किलोला दोनशे टक्यांच्या वर गेला. दिल्लीतल्या गरिबाच्या नावाने लावलेलं दार ढाक्यातल्या गरिबाच्या तोंडावर आपटलं. बांगलादेशाने मग स्वतःच्या उत्पादनावर जोर दिला आणि स्वतःच्या शेतकऱ्यांच्या काढणीच्या दिवसांत आपला कांदा अडवायला सुरुवात केली. त्यांना तरी कोणत्या तोंडाने बोलणार?

इथवर सगळं सोपं होतं. जोशी बरोबर, दार उघडा, विषय संपला. कापूस ते तसं संपू देत नाही.

२०२१ च्या अर्थसंकल्पापासून परदेशी कापसावर एकूण ११ टक्के आयातशुल्क होतं. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. (सेवांवर काही नव्हतं. तिरुपूरच्या टी-शर्टवर तेव्हा ५०, माझ्या कोडवर शून्य.) कापड उद्योगाला श्वास घेता यावा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचं आयातशुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. वॉशिंग्टनने शर्टाला दार लावलं, म्हणून दिल्लीने कापसाला दार उघडलं, आणि वारा शिरला यवतमाळात. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला होता. वेचणी सुरू झाली तेव्हा खुल्या बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता.

बाहेरचा कापूस स्वस्त असेल तर तो येऊ दे, असं मी म्हणू शकलो असतो, जर तो निव्वळ मेहनतीने स्वस्त झालेला असता तर. अमेरिकेत कापूस पिकवणारे जेमतेम पंचवीस हजार शेतकरी, आणि २००१-०२ च्या एका हंगामात त्यांना मिळालेलं सरकारी साहाय्य तीन अब्ज डॉलरच्या वर होतं. ब्राझीलने २००२ मध्ये याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. ब्राझील जिंकला. अमेरिकेने अपील केलं, २००५ मध्ये तेही हरली. मग काय झालं असेल? अमेरिकेने अनुदानं बंद केली? छे. २०१० मध्ये तिने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठीच्या निधीला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. स्वतःच्या शेतकऱ्याला अनुदान देता यावं म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याला पैसे! नियम मोडायचं भाडंच म्हणायचं ते.

हे भाडं ब्राझीलला मिळालं कारण ब्राझीलकडे उलट शुल्क लावायची ताकद होती. त्याच सुमारास, २००३ मध्ये, बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी कापसाच्या अनुदानांविरुद्ध तीच हाक दिली होती. त्यांना आश्वासनं भरपूर मिळाली, ब्राझीलसारखी भरपाई नाही. न्याय्य काय हे न्यायपीठाने ठरवलं होतं, पण वसुली ज्याची त्याने आपापल्या मनगटावर करायची होती. इथे माझं शरद जोशींशी जमत नाही. दार उघडं ठेवल्याने न्याय होतो, पण केव्हा, तर पलीकडचाही ते ढकलत नसेल तेव्हा.

मग कँटीनमधल्या त्या टोमण्याचं काय? दोन शेतकरी दोन उलट गोष्टी मागताहेत का? आणखी एक तारीख बघा. २०२२ च्या एप्रिलात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, विदर्भाने असा भाव क्वचितच पाहिला असेल. तेव्हाही हेच आयातशुल्क तडकाफडकी माफ झालं होतं. कांद्याचा भाव चढला की बाहेर जाणारं दार लागतं. कापसाचा भाव चढला की आत येणारं दार उघडतं. दारं वेगवेगळी, दिशा वेगवेगळ्या, परिणाम दर वेळी एकच. दोघांची मागणीही मग एकच आहे: माझे बरे दिवस आले की कडीला हात घालू नका.

अर्थात असं प्रत्येकालाच वाटतं. गिरणीवाल्याला वाटतं, आम्हाला वाटतं, अमेरिकेतल्या प्रोग्रामरलाही वाटत असणार की भारतीयांसाठीचं दार जरा लोटून घ्यावं. स्वार्थ आणि न्याय यांत फरक कसा करायचा? घरात आंब्याचे वाटे करताना एक नियम असतो: जो वाटे करतो त्याने शेवटी उचलायचं. कोणता वाटा आपल्या नशिबी येणार हे माहीत नसलं की सुरी आपोआप सरळ चालते. जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये साधारण याच कल्पनेवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्या कसोटीवर अधिसूचना लावून बघा. उद्या आपण दिल्लीचं गिऱ्हाईक म्हणून उठू, निफाडचा शेतकरी म्हणून, की ढाक्यातली गृहिणी म्हणून, हे ठाऊक नसेल तर आपण कोणता नियम करू? 'कधीच दार लावायचं नाही' असा मी करणार नाही, दुष्काळात तो जीवघेणा ठरेल. मी म्हणेन, लावायचं असेल तर चार महिने आधी, पेरणीच्या वेळी सांगा. आणि अडचणीत न सांगता लावावं लागलं, तर तोपर्यंतच्या भावाने माल विकत घ्या. अमेरिकेने ब्राझीलला दिलं तसं भाडं, पण मनगट नसलेल्यालाही.

'फेअरट्रेड'च्या चिन्हाबद्दल माझी अडचण इथेच आहे. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हॅवेलार' नावाने हे चिन्ह सुरू झालं, मेक्सिकोतल्या छोट्या कॉफी उत्पादकांसाठी. त्याची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. कॉफीला पौंडामागे १ डॉलर ४० सेंटचा किमान भाव या व्यवस्थेने बांधून दिला होता, आणि २०१९ मध्ये जागतिक बाजारात अरेबिका एका डॉलरखाली घसरली तेव्हा त्या आकड्यावर घरं चालली असतील. पण प्रमाणपत्र मिळालेल्या शेतकऱ्याचाही सगळा माल त्या भावाने विकला जात नाही. गिऱ्हाईक जेवढा मागेल तेवढाच जातो, उरलेला नेहमीच्या बाजारात. म्हणजे न्याय किती मिळणार हे ॲमस्टरडॅममधल्या कुणाच्या तरी मूडवर. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही शेतकरी संघटनेची घोषणा ऐकून वाढलेल्या राज्यात हे पचायला जड जातं. सज्जन गिऱ्हाइकापेक्षा मला सरळ नियम बरा वाटतो, कारण तो सज्जनपणा संपल्यावरही टिकतो.

एक माणूस मात्र या सगळ्या हिशेबात अजून आलेलाच नाही. कापूस वेचायला येते ती बाई. संध्याकाळी गाठोडं काट्यावर टाकायचं आणि किलोच्या हिशेबाने पैसे घ्यायचे. तिला स्वतःचं शेत नाही, म्हणून हमीभाव नाही, निर्यात नाही, चिन्हही नाही. लंडनच्या 'सोआस' या संस्थेतल्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात पाहणी केली होती. फेअरट्रेड उत्पादक संस्था असलेल्या भागांतल्या शेतमजुरांची मजुरी इतर तशाच भागांपेक्षा चांगली नव्हती, बऱ्याचदा कमीच होती, असं त्यांना २०१४ च्या अहवालात नोंदवावं लागलं. शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला तर मजुरी वाढायची शक्यता तरी निर्माण होते, यापलीकडे मुक्त व्यापाराकडेही तिला सांगण्यासारखं काही नाही.

तिच्यासाठी महाराष्ट्राने एकदा वेगळाच रस्ता काढला होता. १९७२ च्या दुष्काळाच्या वेळची रोजगार हमी योजना. मागेल त्याला काम, म्हणजे मालकाने फारच कमी देऊ केलं तर 'नाही' म्हणायची सोय. तिचा पैसा कुठून आणायचा, तर १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून. त्या योजनेच्या वाटेने पुढे २००५ चा देशभराचा कायदा आला. कर अजून आहे. माझ्या पगाराच्या चिठ्ठीत दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. चिठ्ठीवर नुसतं 'पी. टी.' लिहिलेलं असतं. आमच्या टीममध्ये मी विचारून बघितलं, ते कशासाठी कापायला सुरुवात झाली होती हे एकालाही सांगता आलं नाही.